सैनिकाने पाहिलेला प्रकाश

पॅरिस शहरात आयफेल नावाचा एक उत्तुंग लोखंडी मनोरा आहे. तो १८८९ साली उभा राहिला. त्याच्या पहिल्या सज्जाखाली चारही बाजूंना मोठ्या अक्षरांत ७२ नावे लावलेली आहेत. ती सारी फ्रान्समधील शास्त्रज्ञ, गणिती आणि अभियंते यांची नावे होत. त्यांतील एक नाव आहे मालूस. या मालूसला अवघे ३६ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यातील ऐन उमेदीची वर्षे तर प्रयोगशाळेत नव्हे, तर लष्कराच्या छावण्यांत आणि किल्ल्यांच्या बांधकामावर गेली. तरीही प्रकाशाचा एक असा गुण त्याने जगाला दाखवून दिला, की त्याच्या बळावर आज जमिनीवर पसरलेला मृत्यूदेखील दुरून ओळखता येऊ लागला आहे. त्या सैनिकाची आणि त्याच्या शोधाची ही कथा आहे.

एत्येन लुई मालूस याचा जन्म १७७५ साली पॅरिस येथे झाला. त्याचे वडील सरकारी खजिन्याचे अधिकारी होते. त्यांनी मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था घरीच केली. लहानपणी एत्येनला काव्याची मोठी गोडी होती. ग्रीक आणि लॅटिन भाषा त्याने उत्तम आत्मसात केल्या, होमरच्या महाकाव्यातील मोठमोठे भाग मुखोद्गत केले आणि एक शोकान्त नाटकही लिहिले. पण काव्याइतकीच त्याची बुद्धी गणितातही रमत असे. पुढे १७९३ साली मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकीच्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला.

तो काळ फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा होता. राजाच्या पदरी ज्यांनी नोकरी केली, त्यांच्याकडे नवे राज्यकर्ते संशयाने पाहत. मालूसचे वडील राजाच्या खजिन्यावरील अधिकारी असल्यामुळे मुलगाही संशयित ठरला आणि त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. अधिकारी होण्याची स्वप्ने पाहणारा हा तरुण मग साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. डंकर्क या बंदराच्या तटबंदीवर माती खणण्याचे आणि वाहण्याचे काम त्याच्या वाट्याला आले.

दुसरा कोणी असता, तर नशिबाला दोष देत बसला असता. मालूसने हाती आलेल्या फावड्यालाच आपले शास्त्र शिकवले! कमीत कमी श्रमांत माती दूरवर कशी हलवावी याचा विचार करून त्याने सोबत्यांना कामाची एक शिस्तशीर रीत घालून दिली. तेथील कामावर देखरेख करणारा ल्पेर नावाचा एक अभियंता होता. एका तुकडीचे काम इतरांपेक्षा निराळ्या आणि चांगल्या पद्धतीने चालले आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने चौकशी केली, तेव्हा या साध्या शिपायाची बुद्धिमत्ता त्याला कळून आली. १७९४ साली पॅरिसमध्ये एक नवी तंत्रविद्येची शाळा सुरू होत होती. तिचे नाव एकोल पॉलिटेक्निक. ल्पेरने मालूसची तेथे रवानगी केली. ज्या तरुणाला एका शाळेचे दार बंद झाले होते, तो त्याहूनही थोर अशा दुसऱ्या शाळेतील पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक ठरला. मोंझ या विख्यात गणितज्ञाच्या हाताखाली तो तेथे शिकला.

शिक्षण पुरे करून मालूस लष्करी अभियंता झाला आणि जर्मनीतील मोहिमेवर गेला. तेथे गीसेन या विद्यापीठाच्या गावी एका प्राध्यापकाच्या कन्येशी त्याचा विवाह ठरला. परंतु विवाहापूर्वीच त्याला दूरच्या मोहिमेचा हुकूम मिळाला. १७९८ साली नेपोलियन मोठी फौज घेऊन इजिप्तकडे निघाला. त्या फौजेबरोबर दीडशेहून अधिक विद्वानही होते. अभियंता या नात्याने मालूसही त्या आरमारातून निघाला.

कैरो येथे नेपोलियनने विद्वानांची एक संस्था स्थापन केली. तिच्या गणित विभागात तेवीस वर्षांच्या मालूसची निवड झाली. पण विद्येच्या सहवासाचे हे सुख फार दिवस टिकले नाही. १७९९ साली फौज भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने उत्तरेकडे चालून गेली आणि तिने याफा हे शहर जिंकले. विजयी सैनिकांनी त्या शहरात जी लूट आणि कत्तल केली, ती मालूसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तो रोजनिशी लिहीत असे. त्या भयंकर दृश्यांची नोंद त्याने तीत करून ठेवली आहे.

त्यानंतर याफात प्लेगची साथ पसरली. शहराच्या तटबंदीची डागडुजी करण्याचे आणि इस्पितळाची व्यवस्था लावण्याचे काम मालूसवर सोपविण्यात आले होते. आजूबाजूला रोज माणसे मरत होती. काही दिवसांनी मालूसलाही प्लेगने गाठले. त्याचे अनेक सोबती त्या साथीत दगावले, पण तो मात्र आश्चर्यकारक रीतीने वाचला. परत येताना त्याला नाईल नदीच्या मुखाजवळ, इतर रोग्यांबरोबर सर्वांपासून दूर ठेवण्यात आले. त्याचे शरीर खंगले होते आणि मायदेश हजारो किलोमीटर दूर होता. मन रमविण्यासारखे भोवती काहीच नव्हते. इजिप्तमधील अशा मुक्कामातच तो प्रकाशाच्या स्वरूपाविषयी विचार आणि लेखन करू लागला.

१८०१ साली फ्रेंच फौज मायदेशी परतली. मालूसची प्रकृती पार ढासळलेली होती. तरीही आपले वचन पाळण्यासाठी तो जर्मनीस गेला आणि त्याने आपल्या वाग्दत्त वधूशी विवाह केला. पुढील काही वर्षे त्याने अँटवर्प, स्ट्रासबर्ग इत्यादी ठिकाणी बंदरांची आणि किल्ल्यांची कामे पाहिली. दिवसा बांधकामाचे हिशेब आणि फावल्या वेळी प्रकाशाचे गणित, असा त्याचा क्रम होता.

१८०८ साली पॅरिसच्या विज्ञान संस्थेने विद्वानांपुढे एक कोडे ठेवले आणि ते सोडविणाऱ्यास पारितोषिक जाहीर केले. हे कोडे होते आइसलँडमधील एका स्फटिकाचे. हा स्फटिक काचेसारखा पारदर्शक असतो. तो पुस्तकावर ठेवला, तर त्यातून प्रत्येक अक्षर एकाऐवजी दोनदा दिसते. १६६९ साली डेन्मार्कमधील बार्थोलिन या विद्वानाने या चमत्काराचे वर्णन केले होते. एकच किरण आत शिरतो आणि त्याचे दोन किरण होऊन बाहेर पडतात. असे का होते? सव्वाशेहून अधिक वर्षे विद्वान या प्रश्नाशी झुंजत होते. मालूसनेही ते आव्हान स्वीकारले. मग तो स्फटिक त्याच्या हातातून सुटेना.

त्याच वर्षी एके दिवशी सायंकाळी मालूस पॅरिसमधील आपल्या घरी तोच स्फटिक डोळ्यांपुढे धरून उभा होता. त्याच्या घरासमोर काही अंतरावर लुक्झेंबर्ग राजवाडा होता. सूर्य मावळतीला गेला होता आणि राजवाड्याच्या खिडक्यांच्या काचा सोन्यासारख्या झळाळत होत्या. त्या झळाळीकडे त्याने सहज स्फटिकातून पाहिले. अपेक्षेप्रमाणे सूर्याची दोन प्रतिबिंबे दिसली. पण त्याने स्फटिक हातात फिरवला, तेव्हा एक प्रतिबिंब उजळ होत गेले आणि दुसरे मंदावले. आणखी फिरवताच मंद झालेले प्रतिबिंब उजळले आणि उजळ असलेले मंदावले.

मालूस चकित झाला. एरवी स्फटिक कसाही फिरवला, तरी दोन्ही प्रतिमा सारख्याच उजळ दिसत. मग काचेवरून येणाऱ्या या प्रकाशातच निराळे असे काय होते? प्रथम त्याला वाटले, की हा वातावरणाचा परिणाम असावा. पण नुसत्या तर्कावर विसंबून राहणाऱ्यांपैकी तो नव्हता. रात्र पडताच त्याने मेणबत्ती पेटवली. तिचा प्रकाश त्याने पाण्यावर तिरपा पाडला आणि परत येणारे किरण स्फटिकातून न्याहाळले. पाण्याच्या पृष्ठभागाशी किरणांचा कोन सुमारे ३७ अंश झाला, तेव्हा स्फटिक फिरवताना एक प्रतिमा जवळजवळ नाहीशीच झाली! काचेच्या बाबतीत हा कोन सुमारे ३५ अंश भरला. जो गुण केवळ दुर्मीळ स्फटिकच प्रकाशाला देतात असे साऱ्या जगाला वाटत होते, तो गुण साधे पाणी आणि साधी काचही देऊ शकते, हे एका रात्रीत सिद्ध झाले.

हा गुण कोणता, हे एका सोप्या उदाहरणाने समजेल. एका लांब दोरीचे टोक भिंतीला बांधा आणि दुसरे हाताने हलवा. हात वरखाली हलवला, तर दोरीतून उभी लाट जाते. आडवा हलवला, तर आडवी लाट जाते. आता हीच दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवली, तर उभी लाट पलीकडे जाईल, पण आडवी लाट गजांना थडकून थांबेल. प्रकाशाचेही तसेच आहे. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशात सर्व दिशांची कंपने मिसळलेली असतात. तो पाण्यावर किंवा काचेवर विशिष्ट तिरपेपणाने पडून परतला, की त्यात मुख्यतः एकाच दिशेची, म्हणजे पृष्ठभागाला समांतर अशी कंपने उरतात. मालूसचा स्फटिक त्या खिडकीच्या गजांसारखे काम करीत होता.

स्वतः मालूस मात्र प्रकाश हा सूक्ष्म कणांचा बनलेला आहे असे मानीत असे. लोहचुंबकाला जसे दोन ध्रुव असतात, तशा या कणांनाही बाजू असाव्यात आणि त्या एका दिशेने लागत असाव्यात, अशी त्याची कल्पना होती. म्हणून या गुणाला त्याने जे नाव दिले, त्यालाच आपण आज मराठीत ध्रुवण म्हणतो. पुढे फ्रेनेल या शास्त्रज्ञाने लाटांच्या आधारे त्याचा खरा उलगडा केला. पण मालूसने जे मोजले होते, ते अबाधित राहिले. स्फटिक किती अंशांनी फिरवला असता प्रकाश किती उरतो, याचा नियम त्याने सांगितला. सर्वांत उजळ स्थितीपासून ४५ अंश फिरवला तर निम्मा, ६० अंश फिरवला तर चौथा हिस्सा आणि ९० अंश फिरवला तर शून्य! हा नियम आजही मालूसच्या नावानेच शिकविला जातो.

१८१० साली विज्ञान संस्थेचे पारितोषिक मालूसला मिळाले आणि संस्थेने त्याला आपले सदस्यत्वही दिले. त्याहून मोठा सन्मान समुद्रापलीकडून आला. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामध्ये तेव्हा घनघोर युद्ध चालू होते. मालूस तर शत्रूच्या फौजेतील अधिकारी. तरीही लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले रम्फर्ड पदक त्याला अर्पण केले. ही वार्ता त्याला कळविणारा थॉमस यंग हा शास्त्रज्ञ प्रकाशाच्या स्वरूपाविषयी मालूसच्या अगदी उलट मताचा होता. पण ना राष्ट्रांचे वैर त्या सन्मानाच्या आड आले, ना मतांचा भेद.

हे वैभव भोगण्यास मालूसपाशी आयुष्य मात्र उरले नव्हते. रोगाने आणि दगदगीने पोखरलेल्या त्याच्या देहाला क्षयाने ग्रासले. पत्नीने रात्रंदिवस शुश्रूषा केली, पण उपयोग झाला नाही. २४ फेब्रुवारी १८१२ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्याची प्राणज्योत मालवली.

माणूस जातो, पण त्याने लावलेला दिवा दुसऱ्यांच्या हाती उजळत राहतो. मालूसच्या शोधापूर्वी काही वर्षे, १८०० साली, विल्यम हर्शल या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडून तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेथे तापमापक ठेवला होता. त्याचा पारा वर चढला. तांबड्याच्या पलीकडे असलेल्या या अदृश्य किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. चुलीवरून उतरवलेला तवा अंधारात दिसत नाही, पण जवळ हात नेताच त्याची धग लागते. ती धग या किरणांचीच. तापलेला तवाच कशाला, दगड, माती, झाडे, आपले शरीर, सारेच पदार्थ अहोरात्र असे किरण बाहेर टाकीत असतात. मालूसचा मित्र आरागो याने पुढे दाखविले, की तापून लाल झालेल्या लोखंडातून तिरपा बाहेर पडणारा प्रकाशही अंशतः ध्रुवित असतो. १८३४ साली स्कॉटलंडमधील फोर्ब्स या शास्त्रज्ञाने उष्णतेच्या अदृश्य किरणांचेही ध्रुवण होते हे सिद्ध केले. दोन शोधांचे दोन प्रवाह असे एकत्र मिळाले.

या ज्ञानाची गरज किती मोठी ठरणार होती, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. विसाव्या शतकातील युद्धांत भूसुरुंग नावाचे एक क्रूर शस्त्र सर्रास वापरले गेले. हा स्फोटक डबा जमिनीत थोडासा पुरतात किंवा गवतात टाकून ठेवतात. त्यावर पाय किंवा चाक पडले, की स्फोट होतो. तह होतात, फौजा घरी जातात, पण भूसुरुंगाला युद्ध संपल्याचे कळत नाही. ज्या इजिप्तमध्ये मालूस लढला, त्याच देशात अल अलामेन येथे १९४२ साली दुसऱ्या महायुद्धातील मोठी लढाई झाली. तेथील वाळवंटात पेरलेल्या सुरुंगांनी युद्धानंतर कित्येक दशके धनगरांचे आणि वाटसरूंचे बळी घेतले. आज जगातील पन्नासाहून अधिक देशांच्या जमिनीत असे सुरुंग आहेत. त्यांच्यामुळे शेतकऱ्याला नांगर धरता येत नाही आणि मुलांना निर्धास्तपणे कुरणात गुरे नेता येत नाहीत. म्हणूनच १९९७ साली कॅनडातील ओटावा शहरी १२२ देशांनी माणसांविरुद्ध वापरले जाणारे भूसुरुंग वर्ज्य करण्याच्या करारावर सह्या केल्या. पण जे पेरले गेले आहेत, ते शोधून काढावेच लागतात.

हे काम अत्यंत कठीण आहे. पुष्कळसे सुरुंग प्लॅस्टिकचे असल्यामुळे धातुशोधक यंत्राला त्यांचा सहज सुगावा लागत नाही. मातीच्या किंवा गवताच्या रंगाचे असल्यामुळे डोळ्यांनाही ते कळत नाहीत. अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिले, तर सुरुंग आणि माती यांच्या उष्णतेतील फरक दिसू शकतो. परंतु दिवसातून काही वेळा असे घडते, की माती आणि सुरुंग दोन्ही सारखेच तापलेले असतात. मग त्या कॅमेऱ्यालाही काही वेगळे दिसत नाही.

येथे मालूसचा शोध मदतीस येतो. गवताची पाती आणि मातीचे कण हजारो दिशांना वळलेले असतात. त्यामुळे त्यांच्यापासून येणाऱ्या किरणांत सर्व दिशांची कंपने मिसळून जातात. माणसाने घडविलेल्या वस्तूचा पृष्ठभाग मात्र सपाट आणि गुळगुळीत असतो. त्यापासून तिरपे निघणारे किरण राजवाड्याच्या काचेवरून आलेल्या प्रकाशासारखे काहीसे एकाच दिशेला झुकलेले असतात. म्हणून कॅमेऱ्यापुढे ध्रुवण ओळखणारी चाळणी बसवितात. ती वेगवेगळ्या कोनांत ठेवून त्याच जागेची चित्रे घेतात आणि ती ताडून पाहतात. मालूस स्फटिक फिरवीत होता, तसेच हे आहे. जे ठिकाण चाळणीच्या एका कोनात उजळ आणि दुसऱ्या कोनात मंद दिसते, तेथे गवतात काहीतरी कृत्रिम दडलेले असण्याचा संभव असतो. नुकतीच उकरून पुन्हा सारखी केलेली मातीही कधी कधी आजूबाजूच्या मातीहून निराळी दिसते. विशेष हे, की हे सारे दुरून, त्या जागी पाऊल न टाकता करता येते.

तथापि हे यंत्र सर्वज्ञ नव्हे. खोल पुरलेला सुरुंग त्याला दिसत नाही. पाऊसवारा झाला, की उकरलेल्या मातीच्या खुणा पुसल्या जातात. पाण्याचे डबके किंवा टाकून दिलेली बाटलीही त्याला फसवू शकते. म्हणून दुसरी यंत्रेही सोबत वापरावी लागतात. अखेरीस अंगावर जाड चिलखत घालून, जमिनीवर गुडघे टेकून, तसूतसूने पुढे सरकणारा एखादा धैर्यवान मनुष्यच तो सुरुंग निकामी करतो. यंत्र त्याला एवढेच सांगते, की येथे सावध राहा. पण तेवढ्या इशाऱ्यानेही त्याचे प्राण वाचू शकतात.

उन्हात चमकणारे पाणी आणि मावळतीला झळाळणाऱ्या काचा माणसे हजारो वर्षे पाहत आली होती. तुम्हीही त्या कितीदा पाहिल्या असतील. पण मालूसने एक वेगळी गोष्ट दिसताच ती विसरून दिली नाही. त्याच रात्री दिवा लावून त्याने ती पारखून पाहिली. त्याने तरुणपणी युद्धाचा संहार पाहिला होता. याफाच्या रस्त्यांवर जे घडले, ते थांबविणे त्याच्या हाती नव्हते. पण त्याच सैनिकाने एका शांत सायंकाळी जे ज्ञान मिळविले, ते आज युद्धांनी जमिनीत ठेवून दिलेला मृत्यू हुडकून काढण्याच्या कामी येत आहे. ज्या शेताचा सुरुंग निघाला, त्या शेतात पुन्हा नांगर चालतो आणि मुले पुन्हा अनवाणी धावतात. मनोऱ्यावरील अक्षरांहून मालूसचे हे स्मारक अधिक थोर आहे.